गेटवरचे कांदे

सकाळी नऊला चेंबरच्या चाव्या फिरोजकडे दिल्या.
म्हटलं, सोळा डिग्रीवरून काटा हलू देऊ नको,
माल कच्चा आहे, देठ अजून हिरवे आहेत.
बाहेर आले, तर चष्म्याची काडी कानाला चटका देऊन गेली.

सावदा ते जळगाव. एसटीत खिडकी सोडून बसले,
खिडकीतून लू येते,
भट्टीचं दार कुणीतरी उघडं टाकून गेल्यासारखी.
पर्समध्ये तिकीट, इलेक्ट्रॉलची पुडी,
आणि रुमालात बांधून कमरेला खोचलेला कांदा.
कंडक्टर म्हणाला, ताई, लग्नाला का?
ओढणीखालचं 'फुफाटा' त्याला दिसलं नाही.
म्हटलं, हो.

लग्नच समजा. अकरा वर्षं झाली.
फैजपूरच्या गणपतीत पहिल्यांदा ऐकले.
रईसकडे तेव्हा वडिलांच्या बँडपथकातला ढोल होता,
निंबाचा आवाज वरच्या पट्टीत फाटायचा.
अजून फाटतो, देवाची कृपा.
'फाटक' त्या रात्री दोनदा म्हटलं त्यांनी,
मधे आरती झाली.

मैदानावर पोचले तेव्हा एक वाजला होता. गेट पाचला.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
मागच्या भिंतीला एक लिंब, लिंबाखाली माठ,
माठाशेजारी वॉचमन, चिंधू अप्पा.
ते म्हणाले, येडी का काय तू, शेचाळीस हाये आज.
म्हटलं, अप्पा, मी फ्रीजमध्ये नोकरी करते,
मला थोडं ऊन लागतं.
त्यांनी खाटेवरचे पाय आखडून घेतले. मी बसले.

आणि भिंतीपलीकडून खर्र झालं,
हॅलो, हॅलो, एक दोन,
मग रईसची काठी, मग ती तार,
जी वाजली की माझ्या दातांना आधी कळतं.

*फाटक बंद से, गाडी उनी नही,
तू तठे, मी आठे…*

आमच्याकडे 'हाये', बोरीकाठी 'से',
एवढं सोडलं तर सगळं माझं.
रिकाम्या मैदानाला तो म्हणत होता,
घाई नाही, टाळ्या नाहीत,
तापल्या पत्र्यावरून आवाज घसरत खाली येत होता.
दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर थांबला:
मॉनिटर कमी आहे रे, वाढव.
आणि मग नाहीच.
अप्पा म्हणाले, लाइट गेली वाटते.

गेटवर पोरीनं कमर चाचपली.
हे काय?
कांदा.
आत नाही न्यायचा. स्टेजवर फेकला तर?
निंबावर? मी?
तिनं बाजूला बोट दाखवलं:
माझ्याआधीचे दीडदोनशे कांदे,
लाल, पांढरे, एक तर पातीसकट,
छोटा ढीग, बाजार समितीत असतो तसा.
इतक्या आया जळगावात जाग्या होत्या त्या दिवशी.

मग रात्र. वीस हजार पायांनी उडवलेली धूळ
लाइटच्या झोतात उभी राहिली,
टँकरनं पाणी मारलं, तिचा चिखल झाला, चिखल नाचला.
माझा चष्मा एकदा कुणाच्या कोपरानं गेला, परत आला.
नवी गाणी हिंदीत आहेत. पोरांना पाठ आहेत.
मलाही पाठ आहेत, खोटं कशाला बोलू,
गुडघा दुखेपर्यंत उड्या मारल्या.
शेवटी सगळे ओरडले, अजून एक, अजून एक,
मी ओरडले, फाटक!
पुढची पोर मागे वळली,
कपाळावर चमकी, फार गोड चेहरा,
म्हणाली, हे कुठलं गाणं, आँटी?

नाही म्हटलं त्यांनी. दुसरंच म्हटलं.
तेही चांगलं होतं.

बाहेर पडताना ढीग तसाच.
अंधारात आपला कांदा कुणाला ओळखू येणार,
एक उचलला, पांढरा निघाला.
शेवटची एसटी गेली होती.
रिकामे क्रेट घेऊन सावद्याला परतणारा एक टेम्पो मिळाला,
क्रेट सगळा रस्ता खडखडत होते,
साधारण रईसच्या तालात.

पहाटे चेंबरचं दार ओढलं.
गारवा अंगावर आला, कानात अजून वीस हजार माणसं.
देठ रात्रीतून जरा पिवळे धरले होते.
फिरोज खुर्चीवर झोपलेला. डोळा उघडून म्हणाला,
कसा झाला, दीदी?

म्हटलं, दुपारी छान झाला.